कोणत्या हाताचं कोणतं बोट?

ओहायोतल्या एखाद्या बाईचं बोट मिटलं की उघडेनासं झालं, तर तिच्या उपचाराचा कोड अनेकदा पुण्यात बसून लावला जातो. मी खराडीतल्या एका कंपनीत हेच काम करते. शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट, शेजारच्या खुर्च्यांवर बीएएमएस, बीएचएमएस, बी. फार्म. झालेली मंडळी. अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलेले चार्ट वाचायचे आणि आजाराला, उपचाराला कोड द्यायचा, ही आमची रोजीरोटी.

या आजाराला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोट वाकवणारी कंडरा तळव्यापाशी एका अरुंद कड्यातून सरकत असते. कडं जाड झालं, कंडरेला सूज आली, की ती तिथे अडकते. सकाळी उठावं तर बोट मिटलेलंच. दुसऱ्या हाताने ओढलं की खट्कन सुटतं आणि कळ डोक्यात जाते. मधुमेह असलेल्यांना हे दुखणं जास्त होतं, म्हणजे पुण्यात घरोघरी असणार.

अमेरिकेच्या पद्धतीत उजव्या अनामिकेला एम६५.३४१ कोड लागतो, डावीला एम६५.३४२. अंगठ्याचे वेगळे, करंगळीचे वेगळे. ते कडं कापून कंडरा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा कोड २६०५५. त्याला पुन्हा बोट सांगणारा मॉडिफायर जोडायचा. उजव्या अनामिकेचा एफ८. ऑक्टोबर २०१५ पर्यंत तिथेही दहाही बोटांना मिळून ७२७.०३ हा एकच कोड होता. आता डॉक्टरने नुसतं ‘बोट अडकतं’ लिहिलं, तर मला अंदाज बांधायची परवानगी नाही. तपासणीत उजवा हात आणि ऑपरेशनच्या नोंदीत डावा दिसला, तर चार्ट तिथेच थांबतो आणि डॉक्टरला क्वेरी जाते. आमच्या धंद्यात जे लिहिलं नाही, ते केलंच नाही असं धरतात.

आणि घरी? सासूबाईंची उजवी अनामिका अडकू लागली तेव्हा आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांचा हात चांगला, इंजेक्शनने बोट सुटलं. कागदावर मात्र एकच ओळ: हात दुखतो, इंजेक्शन दिलं. कोणता हात, कोणतं बोट, कोणतं औषध, किती, काहीच नाही. त्या आठवड्यात त्यांची साखर चढली. मधुमेहाच्या डॉक्टरांनी विचारलं, “आजी, कसलं इंजेक्शन होतं?” सासूबाई म्हणाल्या, “बोटाचं.” या दुखण्यात सहसा स्टेरॉइड टोचतात आणि त्याने मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते. औषधाचं नाव कागदावर असतं तर गोळी वाढवायची की आठवडाभर थांबायचं, हे लगेच ठरलं असतं. पुढे तेच बोट पुन्हा अडकलं तर आधी किती सुया झाल्या, हे नवा सर्जन विचारणारच. एकाच बोटाला सहसा दोन-तीनच्या पुढे देत नाहीत.

कोणी म्हणेल, अमेरिकेतला काटेकोरपणा पैशासाठी आहे. आहेच. कोड चुकला की विमा कंपनी बिल परत पाठवते, त्या धाकाने तिथले डॉक्टर रात्री घरी बसून नोंदी पुऱ्या करतात. ते लोढणं आपल्या डॉक्टरांच्या गळ्यात बांधावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण नोंद फक्त बिलासाठी नसते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डेव्हिड रिंग या हाताच्या सर्जनने एका ६५ वर्षांच्या बाईच्या ट्रिगर फिंगरऐवजी त्याच हातावर कार्पल टनेलची शस्त्रक्रिया केली. चूक लक्षात आली ती ऑपरेशनची नोंद सांगायला बसल्यावर. त्यांनी बाईंची माफी मागितली, योग्य शस्त्रक्रिया केली आणि २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्वतःच्या नावानिशी हे सगळं छापलं. एवढं धाडस आपल्याकडे कोणी दाखवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे कोड नाहीत असंही नाही. मेडिक्लेमच्या फॉर्मचा जो भाग रुग्णालयाने भरायचा, त्यात आयसीडी-१० चे रकाने आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ यादीत ट्रिगर फिंगरला एम६५.३ एवढाच कोड आहे; त्यात हातही नाही, बोटही नाही. म्हणून डॉक्टरांच्या शब्दांवर इथे अमेरिकेपेक्षा जास्त भिस्त. शिवाय शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन थोडक्यात आटोपते आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो. मग हे डे-केअर की ओपीडी, असा वाद विमा कंपनी घालू शकते. भूल कोणती, कुठे, काय कापलं, हे लिहिलेलं नसेल तर त्या वादात पेशंटची बाजू लंगडी.

ओपीडीच्या रांगेत डॉक्टरांना निबंध लिहायला कोण सांगतंय? हात, बोट, औषधाचं नाव आणि मात्रा, पुन्हा कधी यायचं. दीड ओळ होते, रबरी शिक्का केला तर तेवढीही नाही. दाखल झालेल्या पेशंटने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावीत, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. पण मिळालेल्या कागदावरच काही नसेल तर तो नियम काय कामाचा?

तेव्हा बोटात सुई टोचून घेतलीत की बाहेर पडण्याआधी कागद वाचा. त्यावर हात, बोट आणि औषध नसेल तर केबिनमध्ये परत जा आणि लिहून घ्या. डॉक्टर वैतागले तरी चालेल.