रिकाम्या डबीची खूण

मुले पहाटेच्या विरार लोकलने कामावर गेली, की ज्येष्ठांच्या मनात शंका डोकावते : ‘सकाळची गोळी घेतली का?’ मधुमेहाची गोळी चुकून दोनदा घेतली गेल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

येथे मुंबईच्या डबेवाल्यांची रीत उसनी घ्यावी. १८९०च्या सुमारास सुरू झालेल्या या सेवेत आज झाकणावरील रंग, अक्षरे व अंक डब्याची वाट सांगतात. रिकामा डबा त्याच दिवशी घरी परततो.

आपणही रात्रीच उद्याच्या डब्या भरून ठेवाव्यात. सकाळच्या डबीवर सूर्य, रात्रीच्या डबीवर चंद्र ठळक काढावा. गोळी घेताच रिकामी डबी उघडी ठेवावी. सायंकाळी परतलेल्या मुलांनाही ती उत्तर देईल. मूळ पाकिटे जपावीत. शंका उरल्यास दुसरी गोळी न घेता डॉक्टरांना विचारावे.