मिसवाकचं झाड परकं नाही

रमजानमध्ये पुण्यातल्या मशिदींबाहेर मिसवाकच्या काड्या विकायला येतात. त्या कोणत्या झाडाच्या, असं वर्गात विचारलं की मुलांचं उत्तर ठरलेलं : "सर, अरबस्तानातल्या." उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. अरबीत ज्याला अराक म्हणतात, तेच उर्दूत पीलू आणि मराठीत पिलू किंवा खाकण. अरबस्तानात आणि राजस्थानच्या वाळवंटात ते वाढतं, तसंच आपल्या किनाऱ्यावर तिवरांच्या मागच्या खाऱ्या जमिनीतही. ते इथलंच आहे.

ओळखायचं कसं? पानं समोरासमोर, जाडसर, लंबगोल. चोळली की मोहरीसारखा उग्र वास. फळं लहान, पिकली की गुलाबी-जांभळी. वाळवंटात त्याचा एक भाऊबंदही आहे. त्याची पानं अरुंद, पिकलेली फळं पिवळी. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

उलट पुण्याच्या टेकड्यांवरचं गिरिपुष्प आपण इथलंच धरून चालतो. ते मूळचं मध्य अमेरिकेचं. रोज दिसतं ते आपलं, अनोळखी ते परकं, ही सवय झाडांपुरतीच राहत नाही, हे मराठी मुसलमानाला वेगळं सांगायला नको.

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यातच आहे. तिथे वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने नावांसकट जपलेले आहेत. उर्दू आणि मराठी शाळांनी परवानगी काढून मुलांना एकत्र तिथे न्यावं. काडी सुन्नत म्हणून वापरतोच, तिचं झाडही ओळखू या.