दामाजींचे कोठार आणि आजचे संचालक

सरकारी कोठाराचा अर्थ मंगळवेढ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या सुलतानाचे धान्यकोठार भुकेल्या रयतेसाठी खुले केले आणि त्याचा जाब स्वतः देण्याची तयारी ठेवली. विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्या धान्याचे मोल चुकते केले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कोठार राजाचे, लाभ रयतेचा आणि उत्तरदायित्व स्वतःचे, हा या कथेचा गाभा होय.

आजचे कोठार म्हणजे शासनाची हमी. 2000 साली केंद्र सरकार व सिडबी यांनी लघुउद्योगांसाठी पतहमी न्यास उभारला. मे 2020 मध्ये कोरोनाच्या संकटात 3 लाख कोटी रुपयांची, शंभर टक्के हमीची कर्जयोजना आली. हेतू स्तुत्यच होता. परंतु असे कर्ज बुडाले, तर बँकेची भरपाई अखेर जनतेच्याच पैशातून होते. मग ते कर्ज भलतीकडे वळविणाऱ्या संचालकाचे काय होते?

2013 चा कंपनी कायदा पाहावा. सलग तीन वर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपनीचा संचालक पाच वर्षे अपात्र ठरतो. सप्टेंबर 2017 मध्ये याच कलमाखाली 1,06,578 संचालकांची नावे निश्चित झाली. ठेवी वर्षभर थकविल्या तरी अपात्रता येते. हमीच्या कर्जाचा दुरुपयोग मात्र या यादीत नाही! रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हेतुपुरस्सर थकबाकीदाराचे नवे कर्ज बंद होते. पण त्याला संचालकपदापासून दूर ठेवण्याचे बंधन बँकेच्या कर्जकरारातून येते, कंपनी कायद्यातून नव्हे. कागद न भरणारा अपात्र आणि जनतेचा पैसा उडविणारा पात्र, हा कोणता न्याय?

फौजदारी कायदा आहेच, असे सांगितले जाते. त्याची गती महाराष्ट्राने पाहिली आहे. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे 2011 मध्ये बरखास्त झाले. गुन्हा नोंदवण्यासाठी ऑगस्ट 2019 मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. पोलिसांनी 2020 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. अशा बरखास्त बँकांच्या संचालकांना दहा वर्षे निवडणूकबंदी करणारा वटहुकूम जानेवारी 2016 मध्ये निघाला, तेव्हा सूडबुद्धीची ओरड झाली. वस्तुतः अपात्रता ही शिक्षा नव्हे. ते समाजाचे संरक्षण आहे.

ब्रिटनने हे ओळखले. कोरोनाकाळातील हमीची कर्जे उचलून कंपनी गुंडाळणाऱ्यांसाठी तेथील संसदेने 2021 मध्ये कायदा केला. कंपनी विसर्जित झाली तरी संचालकाच्या वर्तनाची चौकशी होते आणि 2 ते 15 वर्षे त्याला संचालकपद वर्ज्य होते. शेकडो जण असे अपात्र ठरले.

प्रामाणिकपणे धंदा करून बुडालेल्याला हात द्यावा. त्याला चोर ठरविणे हा अन्याय होईल. परंतु मालदांडी ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे पीककर्ज थकले की त्याला नवे कर्ज मिळत नाही, सातबाऱ्यावरचा बोजा पिढीपर्यंत पुसला जात नाही. संचालकाच्या नावावर मात्र बोजाच नाही; एक कंपनी बुडवून तो दुसरी काढू शकतो.

संसदेने कंपनी कायद्यात ही अपात्रता स्पष्ट शब्दांत घालावी. दामाजींचे कोठार रयतेसाठी रिकामे झाले होते. आजचे कोठार कोणासाठी रिकामे होते, हे विचारण्याचा अधिकार रयतेने सोडू नये.