तिसऱ्या दाताची हिरडी

संस्कृतांत दातास 'द्विज' असें नांव आहे, कारण तो दोनदां जन्म घेतो. एकदां दुधाचा म्हणून व पुन्हां कायमचा म्हणून. त्यास तिसरा जन्म देण्याची आधुनिक विद्या स्वीडन देशांत सिद्ध झाली. डॉ. ब्रानेमार्क यांनीं १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें एका रुग्णाच्या जबड्यांत टिटॅनियम धातूचे स्क्रू बसविले व त्यांवर दात चढविले. हाड ह्या धातूशीं एकजीव होतें. यासच इम्प्लांट म्हणतात, आणि आज आपल्याकडेही अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडांत ते आहेत.

असा दात किडत नाहीं. यावरून पुष्कळांची समजूत होते कीं, आतां त्याची काळजी करण्याचें कारण उरलें नाहीं. ही समजूत घातक आहे. धातु निर्जीव असला तरी त्याभोंवतींची हिरडी सजीव आहे. खऱ्या दाताप्रमाणेंच ह्या दातावरही जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर सतत जमत असतो. त्यास प्लाक म्हणतात. तो वेळींच काढला नाहीं तर हिरडी सुजते. शिवाय लाळेंतील क्षारांनीं तो कठीण होऊन बसतो, आणि मग घरच्या ब्रशास दाद देत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. नैसर्गिक दाताच्या मुळांत हिरडीचे तंतु आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटमध्यें ते रुतत नाहींत. त्याच्या बाजूनें समांतर किंवा सभोंवार जातात. तेथें रक्तवाहिन्याही कमी असतात. अर्थात् तटबंदी मुळांतच दुबळी असते.

ह्या विकाराच्या दोन अवस्था आहेत. पहिलींत हिरडी लाल होते, सुजते व तिच्यांतून रक्त येतें. ह्या वेळीं प्लाक नीट काढला तर ती पूर्ववत् होऊं शकते. मात्र त्यास तीन आठवड्यांहून अधिक काळही लागतो. दुसऱ्या अवस्थेंत खालचें हाड झिजूं लागतें. गेलेलें हाड आपोआप भरून येत नाहीं, आणि अखेर इम्प्लांट हालूं लागून काढावा लागतो. बहुधा वेदना होत नाहींत, म्हणून रोग्यास पत्ताही लागत नाहीं. २०१७ सालीं शिकागो येथें भरलेल्या दंततज्ज्ञांच्या परिषदेनें पूर्वीं हिरड्यांचा गंभीर रोग झालेले, स्वच्छता न राखणारे व नियमित तपासणी न करणारे, अशांस ह्याचा धोका अधिक असल्याचें नमूद केलें आहे.

तेव्हां ब्रश करतांना रक्त दिसल्यास ब्रश बंद करूं नये, दंतवैद्याकडे जावें. सकाळीं व रात्रीं मऊ ब्रशानें, आणि दाताच्या मानेशीं फटींत जाणाऱ्या बारीक ब्रशानें सफाई करावी. तपासणी दंतवैद्य सांगतील त्या अंतरानें करावी. दात बसविण्यापूर्वींच, 'ब्रश ह्याच्याखालीं जाईल ना?' असें त्यांस विचारून घ्यावें. दंतधावन करावें पण दंतमांसास, म्हणजे हिरडीस, इजा होऊं देऊं नये, असें वाग्भटानेंही सांगून ठेविलें आहे.

शेवटीं घरांतील मुलांसुनांस एक विनंति. वार्धक्यांत हात कांपतात, दृष्टि मंदावते. वडिलांच्या दातांसाठीं पैसा खर्च करून आपलें कर्तव्य संपत नाहीं. रोज रात्रीं त्यांच्यापाशीं पांच मिनिटें बसून दात स्वच्छ झाले कीं नाहीं हें पाहणें, हाही सेवेचाच भाग होय.