वय 45, वजन 38, क्रिएटिनिन 1

मोखाड्यात माझी रक्त-लघवी तपासणीची लॅब आहे. लिव्हरचा पेशंट मुंबईला दाखवून आला की नातेवाईक फाइल घेऊन माझ्याकडे येतात. खोडाळ्याकडच्या एका बाईचा मुलगा असाच आला. "भाऊ, आयेला मार्क किती पडलेत ते सांगा ना."

मार्क म्हणजे मेल्ड स्कोअर. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन यांवरून 6 ते 40 मधला आकडा काढतात. तो जितका मोठा तितकं वाईट. प्रत्यारोपण झालं नाही तर तीन महिन्यांत पेशंट दगावण्याचा धोका किती, एवढंच तो सांगतो. अमेरिकेत 2002 पासून यकृत आधी कुणाला द्यायचं ते यावर ठरू लागलं. ऑपरेशननंतर माणूस किती तग धरेल, हे त्यावरून नीट कळत नाही. तरी आकडा बघून 'झेपेल', 'झेपायचं नाही' असा निकाल देणारे शिकलेले लोक मी पाहतो.

माझं भांडण क्रिएटिनिनशी आहे. ते स्नायूंतून येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. अंगावर मांसच नसेल तर मूत्रपिंड निम्मं गेलं तरी रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. त्या बाईचं वय 45, वजन 38 किलो, क्रिएटिनिन 1. मूत्रपिंड किती गाळतं ते काढायच्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या 1976 च्या सूत्रात हे घातलं तर मिनिटाला साधारण 43 मिली येतात. तिच्याच वयाच्या 70 किलोच्या बाईचे, क्रिएटिनिन तेवढंच असताना, 79. आणि तिचे 38 किलो पोटात साठलेलं पाणी धरून! दंड तर माझ्या मनगटाएवढा. मेल्डच्या हिशेबात मात्र क्रिएटिनिन 1 असलं की त्याचा एकही मार्क वाढत नाही.

बायकांवर यात अन्याय होतो हे लक्षात आल्यावर मेल्ड 3.0 मध्ये त्यांना 1.33 गुण जादा दिले, अल्ब्युमिनही धरलं. पण वर्षानुवर्षं अर्धपोटी राहून झिजलेल्याला, बाई असो की बुवा, वेगळा गुण नाही. त्याला दोन्हीकडून मार बसतो. आकडा लहान म्हणून नंबर मागे, आणि स्नायू नाहीत म्हणून ऑपरेशनचा धोका आकड्यापेक्षा मोठा.

1992-93 मध्ये जव्हारकडच्या वावर-वांगणीत उपासमारीने पोरं गेली, तेव्हापासून कुपोषण म्हटलं की जव्हार-मोखाड्याचं नाव निघतं. आज अंगणवाडी सेविका पोराच्या दंडाला पट्टी लावते. माप साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल, मग धावपळ सुरू. पोराच्या आजारी आईचा दंड मात्र कुणी मोजत नाही.

परदेशात लिव्हरच्या पेशंटची हाताची पकड, खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ आणि तोल पाहतात. यातलं काय आपल्याला परवडणार नाही? जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातल्या आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. मुंबईला चिठ्ठी देताना पोटातलं पाणी काढल्यानंतरचं वजन, दंडघेर आणि पेशंट हाताचा आधार न घेता उठतो का, हे लिहा. मुंबईच्या डॉक्टरांनी अशा पेशंटची मूत्रपिंडासाठी सिस्टॅटिन सी तपासणी करावी, तिच्यावर स्नायूंचा परिणाम कमी होतो. माझ्याकडे ती होत नाही. आणि नातेवाईकांनो, मार्क विचाराल तेव्हा वजन धरलंय का, तेही विचारा.