किती वेळ म्हणजे फार वेळ?

२५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या धाहरान इथली पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. तिच्या घड्याळात ०.३४ सेकंदाची चूक साचली, इराकी स्कड अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. चार दिवस आधीच तुकड्यांना इशारा गेला होता, की यंत्रणा फार वेळ चालू ठेवली तर नेम चुकतो. फार वेळ म्हणजे किती, हे मात्र त्यात नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

ती चूक मेमरीच्या गळतीची नव्हती, पण जात तीच: चालता चालता साचत जाणारी. वेब सर्व्हरवाल्यांना ही जात चांगली ठाऊक आहे. सी भाषेत घेतलेली मेमरी परत करणं प्रोग्रॅमरच्या हाती असतं. तो विसरला की महिनोन्महिने चालणारी प्रोसेस फुगत जाते. अपाचे वेब सर्व्हरने ठरावीक विनंत्यांनंतर चाइल्ड प्रोसेस संपवून नवी उभी करण्याची सोय दिली, आणि सनओएस व सोलारिसच्या लायब्रऱ्या गळतात हे आपल्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं. १९९५ मध्ये बेल लॅब्सच्या संशोधकांनी या उपायाला नाव दिलं, सॉफ्टवेअरचं पुनर्यौवन. २००७ च्या सुमारास रुबीवाल्यांचं ‘गॉड’ आलं, प्रोसेसवर नजर ठेवून गरज पडली की ती रीस्टार्ट करणारं हत्यार. त्याच्या नमुना कॉन्फिगमध्ये अट होती: पाचपैकी तीन तपासण्यांत मेमरी १५० मेगाबाइटच्या वर गेली, तर रीस्टार्ट. एकदाच उसळी आली म्हणून प्रोसेस मारायची नाही, हे शहाणपण त्या दोन आकड्यांत आहे.

असं हत्यार डेबियनसारख्या वितरणासाठी पॅकेज करणं मला म्हणूनच मोलाचं वाटतं. नाहीतर हाच उपाय कुणाच्या तरी क्रॉनटॅबमध्ये, पहाटे तीनच्या एका ओळीत पडून राहतो आणि लिहिणारा नोकरी बदलतो. पॅकेजमध्ये मर्यादा /etc मधल्या फाइलीत येते, अ‍ॅडमिनने बदललेला आकडा अपग्रेडमध्ये गुपचूप पुसला जात नाही, मॅन पेजवर कारण लिहिता येतं. गळती बुजवणं मूळ लेखकाचंच काम आहे, पण तोवर साइट चालू राहायला हवी.

पॅकेज करणाऱ्यांना एवढीच विनंती: प्रोसेसला आधी सिगटर्म द्या, हातातली विनंती पुरी करू द्या, आणि प्रत्येक रीस्टार्टच्या वेळी मेमरी किती होती ते लॉगमध्ये लिहा.