खोप भाड्याने द्या, पण खाट विसरू नका

ज्या खोपीत आपण राखणीला झोपतो, तिथं एक रात्र काढायला आता शहरातला माणूस पैसे मोजतो. वीज नको, टीव्ही नको. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली भुई आणि चुलीवरची भाकरी एवढंच त्याला हवं असतं. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. सिमेंटच्या खोल्यांसाठी कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा खोप केव्हाही बरी.

पण काळोखाची सवय आपल्याला, पाहुण्याला नाही. मण्यार रात्रीच फिरते, भुईवर निजलेल्याला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून पाहुण्याला खाट द्या, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, उशाशी बॅटरी ठेवा. खोपीत धान्याचं पोतं नको. धान्यामागे उंदीर येतो, उंदरामागे साप.

आणि हे फक्त पाहुण्यासाठीच का? रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाऊन खोपीत आडवा होणारा तुमचा पोरगा, तुमचा सालगडी, यांनाही खाट हवीच. त्यांचा जीव काही स्वस्त नाही.

सरपंचांनी दोन कामं करावीत. शिवाररस्ता पावसाळ्यातही गाडी जाईल असा ठेवावा. आणि सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते, याची चौकशी करून ते पंचायतीच्या फळ्यावर लिहावं. भगताकडे घालवलेला तास परत मिळत नाही.